शाखाधिकारी साहेब, आक्काचा फॉर्म कुठे आहे?

मा. शाखाधिकारी साहेब,


इचलकरंजीतल्या तुमच्या शाखेत सात लाखांची एक मुदत ठेव आहे. ठेवीदार अठ्ठावन्न वर्षांची विधवा बाई. गल्लीत लहानथोर सगळे तिला आक्का म्हणतात. नवरा सूतगिरणीत होता. तो गेल्यावर फंड, ग्रॅच्युइटी, विमा असं मिळून जे आलं ते तिने दिराला दिलं नाही, भिशीत घातलं नाही, सोन्याच्या दुकानात नेलं नाही. सरळ तुमच्या काउंटरवर आणून ठेवलं. सात टक्के दराने, दर तीन महिन्यांनी व्याज बचत खात्यात जमा, अशी ती ठेव आहे. वर्षाला एकोणपन्नास हजार, तिमाहीला बारा हजार दोनशे पन्नास. या बारा हजारांवर तिचं लाइटबिल, औषधं आणि नातवाची शाळेची फी चालते.

शाखेचं नाव मी लिहीत नाही. तुम्ही स्वतःला ओळखाल, आणि दुसऱ्या बँकांतले तुमच्यासारखे साहेबही ओळखतील. मी बचत गटाचं दप्तर लिहिते. गल्लीतल्या बायकांचे फॉर्म भरायलाही माझ्याकडेच येतात. म्हणून या प्रकरणातला एकेक कागद माझ्या हाताखालून गेलेला आहे, आणि हे पत्र चार जणांनी वाचावं म्हणून उघड लिहिते आहे.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, म्हणजे २०२४-२५ हे वर्ष सुरू होताच, आक्काने १५-जी फॉर्म, म्हणजे मला कर लागत नाही, व्याजातून कापू नका असं लिहून देणारा कागद, भरून तुमच्या शाखेत दिला. पॅन नंबर लिहिला होता, सही केली होती, पॅनकार्डाची झेरॉक्स जोडली होती. तुमच्या कारकुनाने तो घेतला, न बघता ड्रॉवरमध्ये टाकला आणि "झालं, जावा" म्हणाला. पावती मागितली तर "त्याला पावती नसते" असं सांगितलं. जुलैमध्ये तिने पासबुक भरून आणलं. बारा हजार दोनशे पन्नास जमा, आणि खालच्याच ओळीत टीडीएस, म्हणजे व्याजातून आधीच कापलेला कर, म्हणून एक हजार दोनशे पंचवीस नावे. तिला इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, पण आकडे येतात. ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेच. दोन्ही मिळून दोन हजार चारशे पन्नास.

आक्का एका खानावळीत चपात्या लाटते. एका चपातीला दोन रुपये, दिवसाला दीडशेच्या आसपास चपात्या. तुम्ही कापलेले पैसे म्हणजे बाराशे पंचवीस चपात्या झाल्या. आठवडाभराहून जास्त काम. तेवढी कणीक तिंबून, लाटून, भाजून बघा साहेब. खांदे कुठे दुखतात ते कळेल.

आता हिशेब बघू, कारण तुमच्या टेबलावर तो कुणी केला नाही. खानावळीतून महिन्याला नऊ हजार, वर्षाचे एक लाख आठ हजार. नवऱ्यामागची पेन्शन महिन्याला पंधराशे, वर्षाचे अठरा हजार. व्याज एकोणपन्नास हजार. एकूण एक लाख पंचाहत्तर हजार. २०२४-२५ या वर्षाला जुन्या पद्धतीने अडीच लाखांपर्यंत आणि नव्या पद्धतीने तीन लाखांपर्यंत आयकर शून्य आहे. कुठल्याही बाजूने मोजा, या बाईकडून सरकारला एक रुपयाही येणं नाही. म्हणजे तुम्ही कापलं तो तिचा कर नव्हताच. ते तिचे पैसे होते आणि तिला विचारल्याशिवाय ते तिच्याकडून काढून घेतले गेले.

"नियम आहे, आम्ही काय करणार," असं तुम्ही म्हणालात. नियमच वाचू या. आयकर कायद्याच्या कलम १९४-ए प्रमाणे मुदत ठेवीचं व्याज २०२४-२५ या वर्षात चाळीस हजारांवर गेलं तर बँकेने दहा टक्के कापायचे. साठीच्या पुढच्यांना ही रेघ पन्नास हजारांची. रेघ ओलांडली की वरच्या रकमेवर नाही, सगळ्या व्याजावर कापायचे. इथपर्यंत तुम्हांला पाठ आहे. पण त्याच कायद्यात कलम १९७-ए सुद्धा आहे. ज्याच्या एकूण उत्पन्नावर कर लागतच नाही त्याने तसं लेखी जाहीर केलं की बँकेने कापायचं नाही. साठीच्या आतल्यांना १५-जी, वरच्यांना १५-एच. १५-जीला आणखी एक अट आहे, की अशा व्याजाची वर्षाची बेरीज करमुक्त मर्यादेच्या आत असली पाहिजे. आक्काचे एकोणपन्नास हजार आतच आहेत. कायदा करणाऱ्यांना आक्कासारखी माणसं ठाऊक होती. त्यांच्यासाठी त्यांनी एक दार ठेवलं आणि त्याची किल्ली तुमच्या काउंटरवर दिली. तुमच्या माणसाने ती ड्रॉवरमध्ये टाकली.

त्या फॉर्मवर काय छापलेलं असतं तेही एकदा वाचा. खोटी माहिती दिली तर सही करणाऱ्याला तुरुंगवास, अशी ताकीद त्यावरच आहे. मी ती आक्काला वाचून दाखवली तेव्हा ती घाबरली. खानावळीतल्या पैशांचा काही कागद नाही, मग कुणी पकडलं तर काय, असं दोनदा विचारलं आणि मगच सही केली. लाखभर रुपये वर्षाला कमावणारी बाई तुरुंगाची ताकीद ऐकून खरं तेच लिहून देते, आणि तो कागद हरवणाऱ्याला साधा जाबही विचारला जात नाही!

पावती नसते हे तर धडधडीत खोटं आहे. रिझर्व्ह बँकेने ३१ मे २०१३ ला सगळ्या व्यापारी बँकांना परिपत्रक काढून सांगितलं आहे की १५-जी, १५-एच घेतानाच ग्राहकाला पोच द्या. का सांगावं लागलं? फॉर्म देऊनही टीडीएस कापला जातो, अशा तक्रारी येत होत्या म्हणून. म्हणजे तुमच्या शाखेतला हा आजार निदान २०१३ पासूनचा आहे, त्याचं औषधही तेव्हाच लिहून दिलेलं आहे, आणि अकरा वर्षांनीही तुमचा कारकून पावती नसते म्हणून सांगतो. शिवाय आलेल्या प्रत्येक फॉर्मला बँकेने स्वतःचा एक क्रमांक द्यायचा असतो, त्याची माहिती दर तिमाहीला आयकर खात्याला ऑनलाइन पाठवायची असते आणि फॉर्म सात वर्षं सांभाळायचा असतो. आक्काच्या एप्रिलच्या फॉर्मचा क्रमांक मी तुम्हांला विचारला. तुम्ही संगणकाकडे बघून "सिस्टीमला दिसत नाही" म्हणालात. सिस्टीमला कसा दिसेल? सिस्टीममध्ये तो कुणी घातलाच नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही दुसरा फॉर्म दिला. या वेळी मी बरोबर होते, दोन प्रती नेल्या होत्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही मिळाल्याशिवाय काउंटरवरून हलणार नाही असं सांगितलं. मागे रांग वाढली तेव्हा शिक्का मिळाला. डिसेंबरच्या तिमाहीला एक पैसाही कापला गेला नाही. म्हणजे बाई तीच, ठेव तीच, फॉर्म तोच, सिस्टीमही तीच. फरक फक्त शिक्क्याचा. एप्रिलमध्ये नेमकं काय झालं हे तुम्ही लेखी कळवावं असं मी नोव्हेंबरमध्ये पत्र दिलं आहे. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

तोंडी उत्तर मात्र दिलंत. "रिटर्न भरा, पैसे परत मिळतील." हे वाक्य तुम्ही इतक्या सहज बोललात की त्याचा अर्थ तुम्हांला सांगणं भाग आहे.

आक्काने आयुष्यात आयकर विवरणपत्र भरलेलं नाही. तिला भरायची गरजही नव्हती. आता दोन हजार चारशे पन्नास रुपयांसाठी तिने आधी आयकराच्या पोर्टलवर नोंदणी करायची. भरलेलं विवरणपत्र आधारने पडताळायचं तर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तिच्या आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा होता आणि तो केव्हाच बंद झाला. म्हणून आधी आधार केंद्र, तिथली रांग, त्या दिवसाच्या चपात्या बुडाल्या. मग बँक खातं पोर्टलवर पडताळून घ्यायचं. तिथे पासबुकावरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळलं तर ठीक. विवरणपत्र भरून देणारा आमच्याकडे पाचशे रुपये घेतो. हे सगळं वर्ष संपल्यावर. जून २०२४ मध्ये कापलेले पैसे लवकरात लवकर या येत्या पावसाळ्यात मिळतील, तेही सगळं सुरळीत झालं तर. उशिराचं व्याज आयकर खातं महिन्याला अर्धा टक्का देतं, पण ते मोजायला लागतात येत्या १ एप्रिलपासून. जूनपासून मार्चपर्यंत तिचे पैसे बाहेर होते, त्या काळाचं व्याज कुणीच देणार नाही. ना सरकार, ना तुम्ही.

थकबाकीदाराला तुम्ही एका दिवसाचंही व्याज सोडत नाही. आमच्या गटाच्या कर्जाचा हप्ता दोन दिवस उशिरा गेला तर दंडाची ओळ पासबुकात येते आणि ती बिनचूक असते. त्यात सिस्टीम कधी चुकली नाही.

पुढचं लिहिताना माझा हात थरथरतो आहे, पण लिहिते. ऑक्टोबरमध्ये कापलेल्या पैशांबद्दल विचारायला आक्का एकटीच तुमच्याकडे आली होती. तुम्ही तिला केबिनमध्ये बसवलंत, चहा मागवलात. आणि म्हणालात, "एफडीवर हे असं कापलं जाणारच, मावशी. त्यापेक्षा ठेव मोडून ही पॉलिसी घ्या, सगळं टॅक्स-फ्री." तिने हप्ता विचारला. वर्षाला एक लाख, पाच वर्षं. वर्षाला एक लाख आठ हजार मेहनतीने कमावणाऱ्या बाईला तुम्ही हे सांगितलंत, साहेब! जिला मुळात करच नाही तिला कर वाचवायची पॉलिसी. फॉर्म हरवला हा निष्काळजीपणा असेल. त्या हरवलेल्या फॉर्मचा धाक घालून गिऱ्हाईक करणं याला निष्काळजीपणा म्हणत नाहीत. शाखेला विम्याचं टार्गेट असतं हे मला माहीत आहे. तुमच्यावरही वरून दट्ट्या असतो, रात्री आठला व्हिडिओ कॉलवर आकडे विचारतात, हेही ऐकून आहे. तो दट्ट्या उतरवायला तुम्हांला आक्काच सापडली.

ती उठून आली हे तिचं शहाणपण. पण सगळ्या उठून येत नाहीत. आमच्या गल्लीत टीडीएसच्या भीतीने काय काय चालतं ते ऐका. एकीने मुदत ठेव मोडून पैसे बचत खात्यावरच ठेवले आहेत, कारण बचत खात्याच्या व्याजावर टीडीएस कापत नाहीत. ते खरं आहे. पण तिथे व्याज अडीच-तीन टक्के. दहा टक्के कापण्याच्या भीतीने तिने निम्म्याहून जास्त व्याज सोडून दिलं, आणि तिलाही आक्कासारखाच कर शून्य आहे. दुसरीने चार लाख पतसंस्थेत नेऊन ठेवले. लहान पतसंस्था सभासदांच्या व्याजावर टीडीएस कापत नाही, आणि दरही तुमच्यापेक्षा जास्त देते. पण तुमच्याकडच्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, फेब्रुवारी २०२० पासून. पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही. महाराष्ट्रात बुडालेल्या पतसंस्थांचे ठेवीदार वर्षानुवर्षं कसे फिरतात ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. त्या बाईला सुरक्षित जागेतून उठवून तिकडे कुणी धाडलं? एका कागदावर शिक्का मारायचा कंटाळा करणाऱ्याने.

तिसरी धुणीभांडी करते. तिचं पॅन आधारला जोडलेलं नव्हतं. असं पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झालं आहे, म्हणजे १५-जी दिला तरी तो चालत नाही, टीडीएस दहाऐवजी वीस टक्के कापतात, आणि पॅन जोडेपर्यंत परतावाही अडकतो. जोडायला हजार रुपये फी. न जोडण्याचं कारण काय, तर पॅनवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. हा नियम तुम्ही केलेला नाही, तो दोष तुमच्या माथी मारत नाही. पण एप्रिलमध्ये फॉर्म घेतानाच "ताई, तुमचं पॅन बंद दिसतंय" एवढं एक वाक्य तुमच्या माणसाला बोलता आलं असतं. तिला ते डिसेंबरमध्ये पासबुकातल्या आकड्यावरून कळलं.

आणि साठीच्या पुढच्यांचं तर विचारूच नका. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना सांगितलं आहे की ज्येष्ठ आणि दिव्यांग ग्राहकांना १५-जी, १५-एच फॉर्म वर्षातून एकदा, शक्यतो एप्रिलमध्ये, बँकेनेच द्यावेत. त्यांच्यासाठी वेगळा काउंटर असावा, सत्तरीच्या पुढच्यांना घरपोच सेवा मिळावी. आमच्या शेजारचे मास्तर शहात्तर वर्षांचे आहेत. ते तुमच्या शाखेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून दहा रुपयांना १५-एच विकत घेतात. तुमच्या शाखेत नसतो. झेरॉक्सवाला मात्र मार्चपासूनच गठ्ठा करून ठेवतो. बँकेने करायचं काम तो करतो आहे, आणि गिऱ्हाइकाशी नीट बोलूनही करतो आहे.

तुम्ही परवा मला म्हणालात की आता हा प्रश्नच मिटला, नव्या अर्थसंकल्पात मर्यादा वाढली. वाढली, आणि ते चांगलंच झालं. १ फेब्रुवारीला अर्थमंत्र्यांनी जाहीर केल्याप्रमाणे येत्या १ एप्रिलपासून चाळीस हजारांची रेघ पन्नास हजारांवर जाईल, ज्येष्ठांची एक लाखावर. नव्या पद्धतीत करमुक्त मर्यादा चार लाख होईल. पण आक्काचं फक्त मुदत ठेवीचंच व्याज एकोणपन्नास हजार आहे, आणि नातवासाठी ती महिन्याला दोन हजारांची आवर्ती ठेवही भरते. आवर्ती ठेवीचं व्याजही २०१५ पासून याच हिशेबात धरतात. त्याचे हजार-दीड हजार मिळाले की तिने नवी रेघही ओलांडली, आणि मग दहा टक्के पुन्हा सगळ्या व्याजावर. दुसऱ्या शाखेत थोडे ठेवा म्हणाल, तर तेही चालत नाही. संगणकीकृत बँकेच्या सगळ्या शाखांचं व्याज एकत्र मोजतात. म्हणजे फॉर्म तिला यंदाही द्यावा लागणार आणि तो तुम्हांला घ्यावा लागणार.

तुमच्या शाखेतलं एक काम वाखाणण्यासारखं आहे. ठेव पिकायच्या आधी आठ दिवस तुमचा माणूस फोन करतो, नाव घेऊन विचारपूस करतो, पैसे दुसरीकडे नेऊ नका म्हणतो. त्याला सगळ्यांचे नंबर पाठ आहेत. त्याच माणसाने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तोच फोन उचलून "१५-जी द्यायला या, येताना पॅन आणा" एवढं सांगितलं तर आक्काचे बाराशे-बाराशे रुपये तिच्याच खात्यात राहतील. यासाठी नवा नियम लागत नाही, वरची मंजुरी लागत नाही.

नोव्हेंबरच्या पत्राला तीस दिवस उलटून कितीतरी काळ गेला. म्हणून रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली आम्ही तक्रार लिहिली आहे. सोबत शिक्का असलेली दुसऱ्या फॉर्मची प्रत, पासबुकाची दोन पानं आणि तुमचं न आलेलं उत्तर, म्हणजे माझ्या पत्राची तुमच्याच आवक-जावक खिडकीवर मिळालेली पोच जोडली आहे. ती खिडकी पोच देते हे बरं झालं. आमची मागणी दोनच गोष्टींची आहे. कापल्या दिवसापासूनचं व्याज आणि विवरणपत्राचा खर्च बँकेने आक्काला द्यावा, आणि एप्रिलचा फॉर्म कुणाच्या हातात हरवला ते लेखी सांगावं.

१ एप्रिलला वार्षिक हिशेबामुळे ग्राहकांना तुमचं दार बंद असतं. म्हणून बुधवारी २ एप्रिलला सकाळी साडेदहाला आम्ही येतो आहोत. आक्का, धुणीभांडीवाली ताई (हजार रुपये भरून तिने पॅन जोडून घेतलं आहे), मास्तर आणि गटातल्या आणखी काही जणी. प्रत्येकीच्या हातात फॉर्मच्या दोन प्रती असतील. एक तुमची, एक आमची. आमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही हवी. पतसंस्थेत गेलेली बाईही येईल, तिला नुसतं बघायचं आहे. तुम्ही तिच्यासमोर शिक्के मारलेत, तर ठेव परत आणीन असं ती म्हणते आहे.

आपली,
गटाचं दप्तर लिहिणारी
इचलकरंजी, मार्च २०२५